यंदा हनुकाची पहिली ज्योत २५ डिसेंबरला : घरी कसं करताय?

तेलघाणी
५ डिसेंबर २०२४, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, राहायला ठाण्यात. यंदा हनुकाची पहिली ज्योत लावायची आहे ती २५ डिसेंबरच्या संध्याकाळी, म्हणजे ऐन नाताळात. असा योग याआधी २००५ साली आला होता. तेव्हा घरात लहान मूल नव्हतं, त्यामुळे कुणाच्या ते फारसं लक्षातही आलं नाही. आता लेक दुसरीत आहे. मॉलमध्ये भलंमोठं झाड उभं राहिलंय, शाळेत सीक्रेट सांताच्या चिठ्ठ्या निघाल्यात आणि २५ तारखेला संध्याकाळी साडेसहाला सोसायटीच्या क्लबहाउसात नाताळची पार्टी आहे. तिची सगळी टोळी तिथे असणार. ती रोज विचारते, "आपण चांदणी का नाही लावत?"

ज्यांना हनुका माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. इ.स.पू. १६७ च्या सुमारास अँटिओकस चौथा या ग्रीक वंशाच्या राजाने यहुदियात, म्हणजे जेरुसलेमभोवतीच्या ज्यूंच्या प्रदेशात, शाबाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) पाळायला, मुलांची सुंता करायला बंदी घातली आणि जेरुसलेमच्या मंदिरात झ्यूसची पूजा सुरू केली. मोदीन गावच्या एका वयस्कर याजकाने आणि त्याच्या पाच मुलांनी बंड उभारलं. त्यातल्या यहूदा मक्काबीने इ.स.पू. १६४ मध्ये मंदिर परत मिळवलं, शुद्ध केलं. दिव्यासाठी शुद्ध तेल एका दिवसापुरतंच सापडलं, ते आठ दिवस पुरलं, असं आपली परंपरा सांगते. म्हणून आठ रात्री रोज एक ज्योत वाढवत जायची. त्या ज्योती पेटवायला एक वेगळा दिवा असतो, त्याला शामाश म्हणतात.

माझं मत आधीच मांडते. हनुका हा आपल्याकडचा छोटा सण आहे. तोरात, म्हणजे आपल्या मूळ धर्मग्रंथात, त्याची आज्ञा नाही, कामधंदा बंद ठेवावा लागत नाही. पेसाह, रोश हशाना, किप्पूर या मोठ्या सणांचा मान वेगळा. अमेरिकेत तो नाताळाच्या शेजारी आला आणि आठ दिवस आठ भेटवस्तू, निळ्या-पांढऱ्या माळा, असा फुगत गेला. राजाच्या हुकमाने सगळ्यांसारखं व्हायला ज्यांनी नकार दिला त्यांचा हा सण. त्याला नाताळाचे कपडे चढवणं मला मनापासून पटत नाही. पण लेकीला "आपल्याकडे काहीच नाही" असंही वाटायला नको.

तर तुम्ही घरी काय करता? दिवा खिडकीत ठेवता की आत टेबलावर? भेटी देता का? पार्टीचं काय करावं? इतर अल्पसंख्याक मंडळींचे अनुभवही हवे आहेत. एक विनंती, इस्रायल-गाझाचं राजकारण या धाग्यावर नको.

रेवदंड्याचा
५ डिसेंबर २०२४, रात्री ११.५५

वयाने बराच मोठा आहे, म्हणून एकेरीत लिहितो. तुझं नाव वाचूनच ओळख पटली. कुलाबा जिल्ह्यात आपल्याला शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी आपला घाणा बंद. माझं बालपण रेवदंड्यात गेलं, तिथलं बेथ एल सिनेगॉग १८४२ चं. आता पुण्यात असतो.

तुझ्या लेकीला सांगण्यासारखी एक गोष्ट देतो. आपल्या पूर्वजांना हनुका माहीतच नव्हता. हाईम शमुवेल केहिमकरांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. त्यात जुन्या सणांची मराठी नावं आहेत : नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण, होळीचा सण, अनाशी ढाकण्याचा सण, बिरड्याचा सण. हनुकाचं नाव त्यात नाही. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ग्रंथ समुद्रात गेले, ही आपली कथा तू ऐकलीच असशील. त्या लोकांनी शाबाथ, सुंता, शमा इस्राएल ही प्रार्थना आणि खाण्यापिण्याचे नियम तेवढे लक्षात ठेवले आणि त्यावर शतकं काढली. पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणाऱ्यांच्या घरी तेलाच्या चमत्काराचा सण मात्र नव्हता. तो कोचीनहून आलेल्या शिक्षकांमुळे, पुढे बगदादी ज्यूंच्या सहवासाने आणि छापील पुस्तकांमुळे आला. म्हणजे आपण तो वयात आल्यावर, समजून उमजून घेतलेला आहे.

आणि नाताळावरून आठवलं. हिब्रू शिकायला आपल्याला सर्वांत मोठी मदत कुणाची झाली? ख्रिस्ती मिशनऱ्यांची. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. आपली मुलं त्यांच्या शाळांत शिकली. त्यांना आपण ख्रिस्ती व्हायला हवे होतो, हे उघड होतं. आपल्या लोकांनी व्याकरण घेतलं, शाळा घेतली, मनापासून आभार मानले आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी येऊन शाबाथचा दिवा लावला. धर्म सोडणारे अगदी थोडे निघाले. शेजारच्या धर्माशी कसं वागावं, याचा आपल्याच घरातला हा धडा आहे. त्यामुळे पार्टीला पाठव. आधी ज्योत, मग पार्टी. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, अंधार पडला की लाव, अर्धा तास जळू दे, सव्वासातला तिला खाली जाता येईल.

दिव्याचं सांगतो. आमच्या घरी पितळेचा होता, मागे सहा टोकांचा तारा आणि कड्यांमध्ये काचेचे पेले. पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल, त्यात वात. दाराच्या डाव्या अंगाला टांगायचा, उजव्या चौकटीला मेझुझा, म्हणजे धर्मवचनांची छोटी डबी, असते म्हणून. पुण्याला आल्यावर पहिल्याच थंडीत खोबरेल थिजलं. तेव्हापासून आई तिळाचं तेल घालायची. ठाण्यातही रात्री पारा उतरला तर हाच उपाय कर. मेणबत्त्या चालतात, पण तेलाचा मान पहिला.

भेटींबद्दल तुझ्याशी सहमत नाही. आमचे वडील पाचव्या रात्री आम्हा भावंडांना एकेक चवली, म्हणजे दोन आण्यांचं नाणं, द्यायचे. मुलांच्या हातावर चार पैसे ठेवणं ही रीत नाताळाकडून आलेली नाही. उगाच कडक होऊ नकोस.

सह्याद्री_७७
६ डिसेंबर २०२४, सकाळी ८.१५

खूप नवीन माहिती मिळाली, काकांचा प्रतिसाद दोनदा वाचला. पण एक प्रामाणिक प्रश्न. एवढा विचार कशाला? आमच्याकडे गणपती बसतो आणि डिसेंबरात मुलांसाठी छोटं झाडही येतं. सजावटच असते ती. चांदणी लावली म्हणून कोणी ख्रिस्ती होत नाही. मुलीची हौस का मोडायची?

तेलघाणी
६ डिसेंबर २०२४, दुपारी १.३०

काका, तुमच्या प्रतिसादाची छापील प्रत काढून ठेवली. चवलीचा मुद्दा मान्य. पाचव्या रात्री पैसे देणार, वस्तू नाहीत.

सह्याद्री, तुमचा प्रश्न चांगल्या मनाने विचारलेला आहे, म्हणून नीट उत्तर देते. तुमच्या घरी झाड आलं तरी गणपती कुठे जात नाही. भाद्रपद लागला की अख्खं गाव त्याची आठवण करून देतं. मांडव उभे राहतात, शाळेला सुट्टी पडते, पेपरात पुरवण्या येतात. तुमच्या मुलाला गणपती शिकवावा लागत नाही. भारतभरात आम्ही सगळे मिळून पाच हजारांच्या आसपास. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला, पण शाळेच्या कॅलेंडरात, वाण्याच्या दुकानात, टीव्हीवर हनुका कुठेच दिसत नाही. तो माझ्या घरात झाला तरच माझ्या मुलीच्या आयुष्यात होणार. चांदणीवर माझा राग नाही. शेजारच्या घरावरची चांदणी आम्ही दोघी उभं राहून बघतो. पण आठ वर्षांच्या आतल्या मुलीला आपला दिवा आणि शेजाऱ्याचा दिवा यातला फरक आधी कळायला हवा. तो पक्का झाला की पुढे ती काय सजवायचं ते सजवेल.

वसईची_लेक
६ डिसेंबर २०२४, दुपारी ३.०५

मी कॅथलिक, वसईची. सह्याद्री, तुम्हाला एक सांगते, आमच्यासाठी चांदणी नुसती सजावट नाही. आगमनकाळात आम्ही चार रविवार तयारी करतो, मध्यरात्रीची मिस्सा असते, गोठा मांडताना घरात प्रार्थना होते. मॉलवाल्यांनी त्यातली सजावट तेवढी उचलली. म्हणून कुणी "आम्ही लावत नाही, तो तुमच्या श्रद्धेचा भाग आहे" म्हणालं तर मला त्यात मान वाटतो.

वसईत आम्ही आमच्या वाडीत पुष्कळ आहोत, अल्पसंख्याक असल्याचं तिथे जाणवत नाही. लग्न होऊन डोंबिवलीला आले आणि दहा मजल्यांत आमचं एकच घर. तेव्हा कळलं. दिवाळीत सगळ्यांकडून फराळ यायचा आणि नाताळात काय पाठवायचं, लोक खातील का, अशी धाकधूक. शेवटी करंज्या आणि नानकटाई पाठवायला लागले, केकमध्ये अंडं असतं म्हणून शाकाहारी घरांना तो नाही. आता मजल्यावरची मुलं २४ तारखेला स्वतःच डबे घेऊन येतात.

तेलघाणीताई, माझा सल्ला असा. मुलीला पार्टीला रिकाम्या हाताने पाठवू नका. तुमचं काहीतरी तिच्या हातात द्या. घ्यायला गेलेली पाहुणी आणि द्यायला गेलेली शेजारीण, यात मुलांना फरक कळतो.

तेलघाणी
६ डिसेंबर २०२४, दुपारी ३.४०

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! हनुकाला तेलात तळलेलं करतात. युरोपातल्यांचे बटाट्याचे लाटके, इस्रायलमध्ये सुफगानियोत म्हणजे जाम भरलेले तळलेले गोळे. माझ्या सासूबाई कांदाभजी आणि मालपुवे करतात, मालपुव्यात नारळाचं दूध, कारण मांसाच्या जेवणावर आम्ही दूध घेत नाही. भजी गार झाली की मजा जाते, पण मालपुवे डबाभर पाठवता येतील. सगळ्या घरांना चालतील.

एडिसनकर
७ डिसेंबर २०२४, सकाळी ६.२०

न्यू जर्सीहून लिहितोय. आम्ही हिंदू, पण इथे डिसेंबरात आमची आणि ज्यू शेजाऱ्यांची अवस्था सारखीच. शाळेच्या गाण्यांच्या कार्यक्रमात नाताळची दहा गाणी आणि हनुकाचं एक. आमच्या दिवाळीला तर तेही नव्हतं. न्यू यॉर्क शहराच्या सरकारी शाळांना यंदा १ नोव्हेंबरला पहिल्यांदा दिवाळीची सुट्टी मिळाली, तेव्हा आमच्याइतकाच आनंद शेजारच्या ज्यू आजींना झाला.

भेटींबद्दल मी तेलघाणींच्या बाजूने. इथल्या अनेक ज्यू घरांत आठ रात्री आठ खोकी फोडली जातात आणि मुलांना तेवढंच आठवतं. आजी म्हणतात, एक रात्र पुस्तकाची, एक रात्र मुलांनी स्वतःचे पैसे कुणा गरजूला द्यायची. हे मला फार आवडलं, आम्ही आमच्या दिवाळीत घेतलं.

खिडकीबद्दल. १९९३ च्या डिसेंबरात माँटाना राज्यातल्या बिलिंग्ज गावी एका ज्यू मुलाच्या खोलीच्या खिडकीत हनुकाचा दिवा लावलेला होता, तिच्यावर कुणीतरी दगड फेकला. गावच्या वर्तमानपत्राने पानभर दिव्याचं चित्र छापलं आणि हजारो ख्रिस्ती घरांनी ते आपापल्या खिडकीत चिकटवलं. दिवा दिसला म्हणून शेजारी कसे आहेत ते कळलं.

तेलघाणी
७ डिसेंबर २०२४, सकाळी ९.५०

खिडकीवरूनच घरात दोन मतं आहेत. दिवा रस्त्यावरून दिसावा, चमत्कार जगाला सांगावा, हा मूळ नियम. पण धोका असेल तर आत टेबलावर ठेवला तरी पुरतो, हेही धर्मशास्त्रच सांगतं. सासूबाईंच्या मनात अजून नोव्हेंबर २००८ आहे, मुंबईवरच्या हल्ल्यात सापडलेलं ज्यूंचं केंद्र, नरिमन हाउस. तेव्हापासून सिनेगॉगबाहेर पोलीस असतात आणि त्या म्हणतात, "लोकांना घर कशाला दाखवायचं?" त्यांची भीती मी हलक्यात घेत नाही. ज्यांनी ते तीन दिवस टीव्हीसमोर बसून काढले त्यांना दुसरं काही वाटणं शक्य नाही.

अश्दोदची_माय
७ डिसेंबर २०२४, संध्याकाळी ७.३०

मी जन्माने पनवेलची, इस्रायलमधल्या अश्दोदला येऊन आयुष्य गेलं. इथे घरात अजून मराठी बोलतो. सासूबाईंना माझा सलाम सांग.

इथे हनुका वेगळा. शाळांना सुट्टी, बेकरीत सुफगानियोतचे ढीग, प्रत्येक खिडकीत दिवा. नातवंडांना काही समजवावं लागत नाही. पण खरं सांगू? पनवेलला आमची आई दिवा लावायची तेव्हा शेजारच्या काकू, त्यांच्या मुली, सगळ्या ओटीवर येऊन बसायच्या. आईला गोष्ट सांगावी लागायची, दरवर्षी, पहिल्यापासून. ती ऐकून ऐकून आम्हाला पाठ झाली. माझ्या नातवंडांना ती पाठ नाही, कारण इथे कुणी विचारतच नाही. तुझ्या लेकीला विचारणारे आहेत. तिलाच सांगू दे.

खिडकीबद्दल एक फोटो शोधून बघ. १९३१ साली जर्मनीतल्या कील शहरात राबाय (ज्यू धर्मगुरू) पॉस्नर यांच्या पत्नी राहेल यांनी काढलेला. खिडकीत हनुकिया, म्हणजे हनुकाचा दिवा, आणि समोरच्या इमारतीवर नाझी झेंडा. ते कुटुंब वेळेत तिथून बाहेर पडलं. ती हनुकिया आता जेरुसलेमच्या याद वाशेम या ज्यू नरसंहाराच्या स्मारकात असते आणि दर हनुकाला घरच्यांकडे परत येते, तिच्यात ज्योती लावल्या जातात. पण म्हणून प्रत्येकीने धैर्य दाखवलंच पाहिजे असं नाही. सासूबाईंना टेबल हवं तर टेबल. दिवा लागणं महत्त्वाचं.

आणि एक, ज्योती जळत असतात तेवढा अर्धा तास बायकांनी कामाला हात लावायचा नाही, ही रीत पाळ. त्या उजेडात शिवणटिपण नाही, वाचन नाही, भांडी नाहीत. नुसतं बसायचं आणि बघायचं. भजी आधीच तळून ठेव.

वसईची_लेक
७ डिसेंबर २०२४, रात्री ८.१०

अर्धा तास नुसतं बसायचं! ही रीत आमच्या नाताळात आणायला हवी. २५ डिसेंबरला आम्ही बायका स्वयंपाकघराच्या बाहेर येतच नाही.

तळमजला
८ डिसेंबर २०२४, सकाळी ११.००

मी एका सोसायटीचा सचिव आहे, व्यवहाराचं बोलतो. तेलाचा दिवा खिडकीत ठेवणार असाल तर पडदा काढून ठेवा, बाजूला गुंडाळून चालत नाही. ठाण्यात खाडीकडून वारा येतो. खाली स्टीलचं ताट, शेजारी ओलं फडकं. अर्धा तास माणूस तिथे बसणारच आहे हे वाचून बरं वाटलं, कारण दिवाळीत आमच्याकडे पणत्या लावून लोक बाहेर जातात. जेरुसलेममध्ये दिवे घराबाहेर काचेच्या पेटीत ठेवतात असं वाचलंय. माशांच्या छोट्या टाकीची काच मिळाली तर तसं करता येईल.

रेवदंड्याचा
८ डिसेंबर २०२४, दुपारी १२.३०

उत्तम सूचना. लेकीसाठी क्रम लिहून ठेव. ज्योती उजवीकडून डावीकडे मांडायच्या, पेटवताना मात्र डावीकडची, म्हणजे त्या रात्रीची नवी, आधी. पहिल्या रात्री तीन आशीर्वाद (छोट्या प्रार्थना) म्हणायचे, पुढे दोन. २७ ला शुक्रवार आहे, त्या दिवशी हनुकाच्या ज्योती सूर्यास्ताच्या आधी आणि त्यानंतर शाबाथचा दिवा. म्हणून त्या दिवशी तेल जास्त घाल, अंधार पडल्यावरही अर्धा तास टिकायला हवं. शनिवारी शाबाथ संपल्यावर. जावईबापू लोकलने उशिरा येत असतील तर घरातलं कुणी जागं असेपर्यंत लावता येतं, पण शुक्रवारी ही सवलत नाही.

गुरुवारची_पोथी
८ डिसेंबर २०२४, रात्री ९.१५

इतका वेळ नुसती वाचत होते. पंचांग उघडून बसले तर लक्षात आलं, तुमची दुसरी रात्र, २६ तारीख, म्हणजे मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. आणि ३० ला सोमवती अमावास्या तुमच्या आठ रात्रींमध्येच येते. दरवर्षीच असं होतं का? आमची दिवाळीही अमावास्येचीच.

दुसरं, माझ्या मजल्यावर एक ज्यू कुटुंब आहे. इतकी वर्षं त्या हळदीकुंकवाला येतात, फळ घेतात, पण मी त्यांच्या सणाला कधी गेले नाही, कारण कधी असतो तेच ठाऊक नव्हतं. न बोलावता गेलं तर चालतं का? काय न्यावं?

तेलघाणी
८ डिसेंबर २०२४, रात्री १०.०५

दरवर्षी असंच. आमचे महिनेही चंद्राचे आणि अधिक महिना घालून ऋतूंशी जुळवलेले, १९ वर्षांत सात वेळा. हनुका किस्लेव्ह महिन्याच्या २५ ला सुरू होतो, म्हणजे कृष्णपक्षाच्या अखेरीला. चंद्र सर्वांत बारीक असतो त्या रात्री मधे येतात. इंग्रजी तारीख मात्र हलते. पुढच्या वर्षी १४ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू होईल.

आमच्याकडे ठरलं ते सांगते. दिवा दिवाणखान्याच्या टेबलावर, पण खिडकीसमोर, पडदे काढून. सासूबाईंनी स्वतःच जागा दाखवली. २५ ला साडेसहाला ज्योत, मग मालपुव्यांचा डबा घेऊन लेक खाली. सीक्रेट सांतामध्ये तिच्या चिठ्ठीत आलेल्या मुलाला ती भोवरा देणार आहे, हनुकाला मुलं भोवरा खेळतात म्हणून. क्लबहाउसात आठ मिनिटांत हनुकाची गोष्ट सांगायचा तिचा सराव सुरू आहे.

तुम्ही नक्की जा. आधी फक्त विचारा, "आज किती वाजता लावणार?" एवढ्याने त्यांना किती बरं वाटेल हे मी खात्रीने सांगते. फळं न्या, केळी, सफरचंद, नारळ, म्हणजे कोशरचा, आमच्या खाण्यापिण्याच्या नियमांचा, प्रश्न येत नाही. फुलंही चालतील. ज्योतींवर फुंकर घालू नका, आपोआप शांत होऊ द्यायच्या. आशीर्वाद चालू असताना गप्प उभं राहायचं, शेवटी "आमेन" म्हणालात तर आनंदच. गुरुवारी तुमची पोथी वाचून झाली की सात-साडेसातला जा. शुक्रवारी मात्र नको, त्या दिवशी त्या घाईत असतील.